मेंदूतल्या जनुकांवरचा शोधनिबंध कसा वाचावा

शोधनिबंध हाती आला की लगेच जनुकांची नावं शोधायला लागू नका. आधी माणसं शोधा. किती जणांच्या मेंदूचे नमुने घेतले, ती माणसं कशाने गेली, काय वयाची होती, कुठली औषधं घेत होती, गेल्यानंतर किती तासांनी मेंदू गोठवला गेला, हे सगळं एका तक्त्यात असतं. हा तक्ता बहुधा लेखातला पहिलाच असतो, नाहीतर पुरवणी फाइलमध्ये टाकलेला असतो. तो वाचून झाल्याशिवाय मी पुढचा एकही आलेख बघत नाही.

मी आरएनए सिक्वेन्सिंगच्या डेटाचं विश्लेषण करते, तीच माझी नोकरी. आणि माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मनोविकार आहे. त्यामुळे ‘स्किझोफ्रेनियाचं जीन सापडलं’ अशी बातमी आली की ती माझ्याकडे दोन वाटांनी येते, एकदा कामावरच्या चर्चेत आणि एकदा घरच्यांच्या फोनवर. आई विचारते, ‘यातून याच्यासाठी काही निघेल का गं?’ तिला खरं उत्तर देता यावं म्हणून मी ज्या क्रमाने वाचते, तोच क्रम इथे मांडते आहे. शाळेतलं जीवशास्त्र थोडंफार आठवत असेल तर तो कुणालाही जमेल.

आधी ठरवा: मोजलं काय आहे?

बातमीत सगळ्यालाच ‘जीन’ म्हणतात. शोधनिबंधात मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी एखादी मोजलेली असते, आणि कुठली ते कळल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट डीएनएतले फरक. आईवडिलांकडून आलेली अक्षरमाला कुणाच्या बाबतीत कुठे वेगळी आहे, हे रक्तातून किंवा लाळेतूनही तपासता येतं, कारण ती जवळजवळ सगळ्या पेशींत सारखीच असते. स्किझोफ्रेनियावरचा असा सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ इतर माणसं होती, आणि जनुकसंचातल्या २८७ जागांचा आजाराशी संबंध दिसला.

दुसरी गोष्ट जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे ते जनुक किती चालू आहे. प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, पण यकृताच्या पेशीत वेगळी चालू असतात आणि चेतापेशीत वेगळी. चालू असलेल्या जनुकाच्या आरएनए प्रती तयार होतात. त्या प्रती मोजल्या की अभिव्यक्ती मोजली.

तिसरी गोष्ट एपिजेनेटिक खुणा. अक्षरं तीच राहतात, पण त्यांच्यावर किंवा डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक गट बसतात, आणि त्यावरून तो भाग वाचला जाईल की मिटलेला राहील हे बऱ्याच अंशी ठरतं. सी या अक्षरावर बसणारा मिथाइल गट, म्हणजेच मिथायलेशन, ही त्यातली सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली खूण. हिस्टोनवर अ‍ॅसिटाइल गट बसला तर गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचणं सोपं जातं.

या तिन्हींत एक मोठा फरक आहे, आणि पुढचं सगळं वाचन त्यावर उभं आहे. जन्मजात आलेली अक्षरं आजारामुळे बदलत नाहीत. आरएनए आणि मिथायलेशन बदलतात. आजाराने बदलतात, औषधाने बदलतात, सिगारेटने बदलतात, वयाने बदलतात आणि मरणाच्या शेवटच्या काही तासांतही बदलतात. गेलेल्या माणसाच्या मेंदूत मोजलेली अभिव्यक्ती ही त्या माणसाच्या अख्ख्या आयुष्याची बेरीज असते. आजार हा त्या बेरजेतला एक आकडा आहे. बाकीचे आकडे लेखकांनी कसे वजा केले, हे तपासणं हेच वाचणाऱ्याचं मुख्य काम.

तक्ता वाचताना

किती जण, हे सर्वांत आधी. जुन्या अभ्यासांत एकेका गटात दहा-पंधरा मेंदू असत. २०१६ मध्ये कॉमनमाइंड कन्सॉर्शियम या संशोधकांच्या संघाने स्किझोफ्रेनिया असलेल्या २५८ आणि नसलेल्या २७९ जणांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या आरएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्या प्रकारातला फार मोठा मानला गेला. मेंदूचा नमुना रक्तासारखा मिळत नाही. कुटुंबाने दुःखाच्या घडीला संमती दिली तर तो मिळतो. म्हणून संख्या लहान असली की संशोधकांना दोष देऊ नये. पण लहान संख्येतून निघालेल्या मोठ्या दाव्यावर लगेच विसंबूही नये.

मग मृत्यूनंतर गेलेले तास पाहा. त्याच्या शेजारी दोन आकडे असतात: मेंदूचा पीएच आणि आरआयएन. माणूस दीर्घ आजारपणात, प्राणवायू कमी पडत पडत गेला असेल तर मेंदूचा पीएच उतरतो, आणि मायटोकाँड्रियाशी संबंधित जनुकांचे आकडे त्याच्यासोबत हलतात. आत्महत्येत किंवा अपघातात अचानक गेलेल्या माणसाच्या मेंदूत असं सहसा होत नाही. आता एका गटात अचानक गेलेली माणसं जास्त आणि दुसऱ्या गटात रुग्णालयात हळूहळू गेलेली जास्त असतील, तर ‘या आजारात मायटोकाँड्रिया बिघडलेले असतात’ असा निष्कर्ष आजाराचा नसून मरणाचा असू शकतो. दोन्ही गटांचे पीएच शेजारी ठेवून बघा. फरक ठळक असेल तर लेखकांनी त्याचं काय केलं, ते पद्धतीच्या भागात शोधा.

आरआयएन हा १ ते १० मधला गुण आरएनए किती शाबूत आहे ते सांगतो. तो गणितात धरला की काम झालं, असं पूर्वी मानत. २०१७ मध्ये बाल्टिमोरच्या लीबर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने एक साधा आणि फार उपयोगी प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऊतीचे तुकडे बर्फावरून काढून खोलीच्या तापमानाला ठेवले, काही लगेच घेतले, काही १५, ३० आणि ६० मिनिटांनी, आणि प्रत्येक वेळी आरएनए मोजला. सगळी जनुकं सारख्या वेगाने कुजत नाहीत. काहींचा आरएनए भराभर तुटतो, काहींचा टिकतो. म्हणून एका गटाचे नमुने थोडे जास्त खराब असले, तर ठरावीक जनुकं ‘कमी झालेली’ दिसतात, आणि केवळ आरआयएन धरून ती चूक पुरती जात नाही. नव्या निबंधात या ऱ्हासाची वेगळी दुरुस्ती केली आहे का ते बघत जा. केली असेल तर माझा त्या निबंधावरचा विश्वास लगेच वाढतो.

औषधं आणि धूम्रपान हा तक्त्यातला सर्वांत अवघड रकाना. स्किझोफ्रेनियाने गेलेल्या बहुतेक माणसांनी वर्षानुवर्षं अँटिसायकोटिक औषधं घेतलेली असतात आणि तुलनेच्या गटातल्या जवळजवळ कुणीच घेतलेली नसतात. म्हणजे आजार आणि औषध हे दोन्ही एकाच बाजूला बसलेले. गणिताने ते पूर्ण वेगळे होत नाहीत. चांगले गट मग दुसरी वाट धरतात: माकडांना किंवा उंदरांना तीच औषधं बरेच दिवस देतात, त्यांच्या मेंदूतला आरएनए मोजतात, आणि माणसांत दिसलेला बदल तिथेही दिसतो का ते बघतात. दिसला नाही तर तो आजाराचा असण्याची शक्यता वाढते. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत तर आणखी सावध राहावं लागतं. बायपोलर आजारात दिलं जाणारं हे औषध हिस्टोनवरचे अ‍ॅसिटाइल गट काढणाऱ्या एन्झाइमांना अडवतं, हे २००१ पासून माहीत आहे. ते घेणाऱ्यांच्या मेंदूत हिस्टोनच्या खुणा वेगळ्या दिसल्या, तर पहिला संशय औषधावर घ्यायला हवा.

कुठल्या पेशी मोजल्या?

इथे जरा थांबते, कारण बरेचसे गैरसमज याच जागी होतात आणि एक छोटं गणित केलं की ते सुटतात.

मेंदूचा तुकडा म्हणजे अनेक प्रकारच्या पेशींचं मिश्रण. चेतापेशी असतात, त्यांना आधार देणारे अ‍ॅस्ट्रोसाइट असतात, मायलिन बनवणाऱ्या पेशी असतात, रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या मायक्रोग्लिया असतात. अख्खा तुकडा दळून मिथायलेशन मोजलं तर मिळतो तो सगळ्यांचा मिळून सरासरी आकडा. समजा, एका जागी चेतापेशींमध्ये ८० टक्के मिथायलेशन आहे आणि बाकीच्या पेशींमध्ये २० टक्के. एका गटाच्या नमुन्यांत चेतापेशी ४० टक्के आहेत. सरासरी येते ४० गुणिले ०.८ म्हणजे ३२, अधिक ६० गुणिले ०.२ म्हणजे १२, एकूण ४४ टक्के. दुसऱ्या गटात चेतापेशी ३७ टक्के आहेत. आता २९.६ अधिक १२.६, एकूण ४२.२ टक्के. फरक पडला १.८ टक्क्यांचा. एकाही पेशीतली एकही खूण हललेली नाही, फक्त मिश्रणाचं प्रमाण बदललं आहे. आणि मनोविकारांवरच्या मेंदूच्या अभ्यासांत जाहीर होणारे मिथायलेशनचे फरक पुष्कळदा एवढेच, दोन-चार टक्क्यांचे असतात.

म्हणून पद्धतीच्या भागात पेशींच्या प्रमाणाबद्दल काय लिहिलंय ते शोधा. काही जण गणिताने प्रमाणाचा अंदाज काढून तो वजा करतात. काही जण न्यूएन नावाच्या, चेतापेशींच्या केंद्रकांत असणाऱ्या प्रथिनाला चमकणारा रंग लावून ती केंद्रकं यंत्राने वेगळी काढतात आणि मगच मोजतात. दुसरी पद्धत जास्त भरवशाची. यातलं काहीच केलं नसेल तर निष्कर्षापुढे माझ्या वहीत प्रश्नचिन्ह पडतं.

आता एकेका पेशीचा आरएनए वेगळा मोजता येतो. गोठवलेल्या ऊतीत पेशींची आवरणं फुटलेली असतात, पण केंद्रकं टिकलेली असतात. म्हणून खरं तर एकेका केंद्रकाचा आरएनए मोजतात. मे २०२४ मध्ये सायकेनकोड कन्सॉर्शियमच्या निबंधांसोबत असा एक अभ्यास आला. १४० जणांच्या पुढच्या मेंदूतल्या साडेचार लाखांहून जास्त केंद्रकांतून दिसलं की स्किझोफ्रेनियात सर्वांत जास्त बदल उत्तेजक, म्हणजे इतर चेतापेशींना चेतवणाऱ्या चेतापेशींमध्ये आहेत. याआधी बराच काळ सगळ्यांचं लक्ष गाबा हे रसायन बनवणाऱ्या, इतर चेतापेशींना आवर घालणाऱ्या पेशींवर होतं. तेही विनाकारण नव्हतं. गाबा तयार करणाऱ्या जीएडी६७ या एन्झाइमचा आरएनए पुढच्या मेंदूत कमी असतो, हे १९९५ पासून वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या मेंदूंत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात.

त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २२ ते ९७ वर्षं वयाच्या १९१ जणांच्या मेंदूंत संशोधकांना दिसलं की चेतापेशी सायनॅप्सशी (दोन चेतापेशींमधल्या जोडाशी) संबंधित जनुकं जितकी चालू ठेवतात, तितकी अ‍ॅस्ट्रोसाइटही सायनॅप्सला आधार देणारी जनुकं चालू ठेवतात. दोघांचं पाऊल एकत्र पडतं. स्किझोफ्रेनियात हा जोडकार्यक्रम मंदावलेला दिसतो, आणि वाढत्या वयातही. इथे कुणा एका जनुकाचं नाव मथळ्यात येत नाही, म्हणून बातम्यांत त्याची चर्चा कमी झाली असावी. मला स्वतःला मात्र एका जनुकापेक्षा अशी जोडी जास्त विश्वासार्ह वाटते.

फरक केवढा आहे ते टक्क्यांत काढा

आलेखांवर फरक बहुतेकदा लॉग-२ मध्ये लिहिलेला असतो. उणे ०.२ असा आकडा दिसला तर घाबरू नका आणि हुरळूही नका. तो टक्क्यांत आणा. २ चा उणे ०.२ वा घात म्हणजे साधारण ०.८७. तुलनेच्या गटात त्या जनुकाच्या सरासरी १०० प्रती असतील तर रुग्णांच्या गटात सरासरी ८७. आता प्रत्येक गटात माणसागणिक प्रती ७० पासून १३० पर्यंत पसरलेल्या असू शकतात. म्हणजे एखाद्या माणसाच्या ९० प्रती मोजल्या तर तो कुठल्या गटातला, हे कुणीही सांगू शकणार नाही.

वर सांगितलेल्या कॉमनमाइंडच्या अभ्यासात ६९३ जनुकांची अभिव्यक्ती वेगळी दिसली. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण फरक होता १.०३ पट ते १.३३ पट, सरासरी १.०९ पट. शिवाय ५ टक्के चुका चालतील असं धरून ही यादी केलेली असते, म्हणजे त्यातली सुमारे ३५ नावं योगायोगाने आलेली असू शकतात. लेखकांनी हे लपवलेलं नाही, स्पष्ट लिहिलं आहे. बातमीत मात्र ‘शेकडो जनुकं बिघडलेली’ एवढंच उरतं.

माझ्या भावाने एकदा शांतपणे विचारलं होतं, ‘ताई, मग माझं कुठलं जीन बिघडलंय?’ त्याला मी हाच आकडा दाखवला. कुठलंही एक बिघडलेलं नाही, खूप ठिकाणी थोडं थोडं सरकलेलं असतं, आणि तेही गटाच्या सरासरीत दिसतं. त्याने कागदावर दोन डोंगर एकमेकांवर सरकवून काढले, तसे आकडे असतात का म्हणून विचारलं. अगदी तसेच असतात.

योगायोगाचं गणितही डोक्यात ठेवा. २०,००० जनुकं तपासली आणि प्रत्येकासाठी पी-मूल्याची (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेची) ०.०५ ही मर्यादा ठेवली, तर आजाराशी काडीचा संबंध नसतानाही १,००० जनुकं ‘लक्षणीय’ निघतील. म्हणून अनेक चाचण्यांची दुरुस्ती केली आहे का ते पाहा. मिथायलेशनच्या चिपवर तर साडेआठ लाखांच्या आसपास जागा एकदम तपासतात. तिथे साधारण एक कोटीत एक इतकी कडक मर्यादा लागते. दुरुस्तीशिवायचं पी-मूल्य देऊन त्यावर चार पानं चर्चा केलेली असेल तर तो निबंध बाजूला ठेवायला हरकत नाही.

मिथायलेशनचा अभ्यास असेल तर

चिप काय बघते आणि काय बघत नाही, ते लक्षात घ्या. आपल्या जनुकसंचात सी-जी अशा जागा सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. साडेआठ लाखांची चिप त्यातल्या जेमतेम ३ टक्के बघते. ‘संपूर्ण जनुकसंचात तपासलं’ असा शब्दप्रयोग दिसला तर हे प्रमाण आठवा.

मोजण्याची नेहमीची रीत अशी: डीएनएवर बायसल्फाइट टाकतात. मिथाइल नसलेला सी त्यामुळे बदलतो, मिथाइल असलेला तसाच राहतो. पण मेंदूत, विशेषतः चेतापेशींत, हायड्रॉक्सिमिथाइल ही सख्ख्या भावंडासारखी दुसरी खूण पुष्कळ असते आणि साधं बायसल्फाइट दोन्हींत फरक करत नाही. दोन्हींचं काम मात्र सारखं नाही. अलीकडचे चांगले निबंध या मर्यादेची नोंद करतात.

नमुना रक्ताचा की मेंदूचा, हेही नीट पाहा. जिवंत माणसाचा मेंदू काढून मोजता येत नाही, म्हणून बरेच अभ्यास रक्तावर होतात. बहुसंख्य जागांवर रक्तातल्या मिथायलेशनवरून मेंदूतल्या मिथायलेशनचा अंदाज बांधता येत नाही. त्यातच रक्तावर धूम्रपानाचा ठसा फार ठळक असतो. एएचआरआर नावाच्या जनुकातली एक जागा तर इतकी हमखास बदलते की तिच्यावरून माणूस धूम्रपान करतो का ते बऱ्यापैकी ओळखता येतं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण जास्त असतं. रक्तावरच्या अभ्यासाने ते धरलं नसेल तर तो नकळत सिगारेटचाच अभ्यास होऊन बसतो.

या क्षेत्रात एखादी गोष्ट कशी टिकते आणि कशी टिकत नाही, त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे रीलिन. हे प्रथिन मेंदूच्या जडणघडणीत चेतापेशींना जागेवर नेतं. २००० साली ते स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात पुढच्या मेंदूत जवळपास निम्म्याने कमी दिसलं. २००५ मध्ये दोन निबंधांनी सांगितलं की त्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथायलेशन जास्त आहे. सगळं जुळत होतं: खूण जास्त, जनुक बंद, प्रथिन कमी. पण २००८ मध्ये जास्त अचूक पद्धतीने मोजलं तेव्हा तो मिथायलेशनचा फरक दिसला नाही. अभिव्यक्तीतली घट एक गोष्ट आहे आणि तिचं दिलेलं कारण ही दुसरी. वाचताना दोन्हींना वेगळे गुण द्या.

बालपणाच्या आघातावरचे अभ्यास जपून वाचा

२००४ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग गाजला: ज्या माद्या पिलांना जास्त चाटतात त्यांच्या पिलांच्या मेंदूत ताणाचं संप्रेरक पकडणाऱ्या ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहक या प्रथिनाच्या जनुकावर मिथायलेशन कमी असतं. २००९ मध्ये त्याच जनुकाचा माणसांतला अभ्यास आला. आत्महत्येने गेलेल्या आणि बालपणी अत्याचार सोसलेल्या १२ जणांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात मिथायलेशन जास्त दिसलं. अत्याचार न सोसता आत्महत्येने गेलेले १२ आणि इतर कारणांनी गेलेले १२ यांच्याशी ही तुलना होती. कल्पक अभ्यास आहे, आणि त्याने पुढच्या कामाला दिशा दिली. पण गट १२-१२ चे आहेत, आणि जो फरक दिसला तो अत्याचाराशी जोडलेला आहे, एखाद्या निदानाशी नाही.

हा तपशील मी मुद्दाम सांगते. असे अभ्यास घरापर्यंत पोचतात तेव्हा ‘आईने पुरेशी माया केली नाही म्हणून जीन बिघडलं’ असं त्यांचं रूप होतं. विसाव्या शतकात स्किझोफ्रेनियासाठी आयांना दोषी धरण्याची रीत मानसोपचारातच होती, आणि तिने असंख्य घरं पोळली. एपिजेनेटिक्सच्या नावाखाली ती परत यायला नको. कुणी असं म्हणालं तर विचारा: कुठल्या निदानाच्या माणसांवर अभ्यास झाला, किती जणांवर, आणि कुठल्या ऊतीत?

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये पडलेल्या डच दुष्काळाचंही असंच होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ऐन उपासमारीत गर्भात आलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुपटीने जास्त आढळलं. २००८ मध्ये, सहा दशकांनंतर, त्या दुष्काळात गर्भात आलेल्यांच्या रक्तात आयजीएफ२ या जनुकावर मिथायलेशन कमी दिसलं. दोन्ही खरी निरीक्षणं आहेत. पण ती वेगवेगळ्या अभ्यासांतली आहेत, आणि ‘उपासमारीने खूण बदलली, खुणेने आजार आला’ ही साखळी त्यांतल्या कुठल्याही अभ्यासाने दाखवलेली नाही.

कारण की परिणाम?

याचं उत्तर एका तुकड्यातून मिळत नाही. तरी तीन गोष्टी पाहून अंदाज बांधता येतो.

बदललेली जनुकं आणि जन्मजात धोक्याच्या जागा एकमेकांशी जुळतात का, हे पहिलं. डीएनएतला फरक आजाराच्या आधीचा असतो, म्हणून तो ज्या जनुकाची अभिव्यक्ती हलवतो ते जनुक कारणाच्या बाजूला झुकतं. २०१६ मधलं सी४ चं काम याचं उत्तम उदाहरण आहे. सहाव्या गुणसूत्रावरच्या या रोगप्रतिकारक जनुकाच्या रचना माणसागणिक वेगळ्या असतात. ज्या रचनांमुळे मेंदूत सी४ए हे त्याचं एक रूप जास्त बनतं, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त दिसला. उंदरांमध्ये हे जनुक सायनॅप्स छाटण्याच्या कामात भाग घेतं, हेही त्याच निबंधात आहे. एसईटीडी१ए हे दुसरं उदाहरण: त्यातले दुर्मिळ, प्रथिन निकामी करणारे बदल धोका बराच वाढवतात, आणि ते प्रथिनच मुळात हिस्टोनवर मिथाइल गट बसवणारं आहे. म्हणजे एपिजेनेटिक यंत्रणा कारणाच्या बाजूलाही असू शकते, याचा हा भक्कम पुरावा.

दुसरं, बदल आयुष्यात केव्हाचा दिसतो? २०१६ मध्येच स्किझोफ्रेनियातल्या मिथायलेशनवरच्या एका अभ्यासात असं आढळलं की वेगळ्या दिसलेल्या जागा जास्त करून त्याच आहेत, ज्या जन्माच्या आगेमागे मेंदूत झपाट्याने बदलतात. लक्षणं किशोरवयात किंवा तारुण्यात दिसतात, पण खुणांचा रोख त्याच्या पुष्कळ आधीच्या काळाकडे आहे.

तिसरं, तो बदल याच आजारात आहे की इतरांतही? २०१८ च्या फेब्रुवारीत ७०० नमुन्यांची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात ऑटिझम, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, नैराश्य आणि मद्यासक्ती हे पाच आजार होते. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्यातले आरएनएचे बदल बरेच सारखे होते, आणि कुठल्या दोन आजारांत किती सारखेपणा हे त्यांच्या जनुकीय धोक्यातल्या सारखेपणाशी जुळत होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १,६९५ जणांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: एकाच जनुकापासून कापून-जोडून बनणाऱ्या वेगवेगळ्या प्रतींत जे बदल असतात, ते जनुकाच्या एकूण आकड्यापेक्षा मोठे असतात. त्यामुळे फक्त जनुकाच्या एकूण प्रती मोजणारा निबंध अर्धंच चित्र दाखवतो आहे, असं समजून वाचा.

घरच्यांसाठी

यातला एकही अभ्यास वाचून औषध बदलू नका, बंद तर मुळीच करू नका. गोळी चालू ठेवायची की नाही, हे मेंदूच्या तुकड्यातून ठरत नाही. ते डॉक्टरांनी समोरच्या माणसाला बघून ठरवायचं. लाळेचं मिथायलेशन तपासून मनोविकाराचं निदान करतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. वरच्या ९० प्रतींचं उदाहरण याही ठिकाणी लागू आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देते: आज त्याच्यासाठी यातून नवं औषध नाही. पण कुठल्या पेशीत बघायचं, हे दहा वर्षांपूर्वी जेवढं धूसर होतं तेवढं आज राहिलेलं नाही, आणि औषध शोधणाऱ्याला पहिल्यांदा तेच लागतं.

शेवटची तपासणी पाच मिनिटांची आहे. निबंधाच्या अखेरीस ‘डेटाची उपलब्धता’ हा परिच्छेद असतो. कच्चा डेटा इतरांना मिळतो का ते वाचा. मग त्याच जनुकाचं आणि मेंदूच्या त्याच भागाचं नाव टाकून, वेगळ्या मेंदूपेढीतल्या नमुन्यांवर दुसऱ्या गटाने केलेला अभ्यास शोधा. सापडला तर दोन्हींत फरकाची दिशा एकच आहे का पाहा, म्हणजे एकात जास्त आणि दुसऱ्यात कमी असं तर नाही ना. सापडलाच नाही, तर निबंधाचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा आणि वर्षभराने पुन्हा शोधा.